दाढ आणि बदक

दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक निवृत्त बसड्रायव्हर दाढ काढायला आले होते, सोबत बायको.

“चल घरी. दुखायची थांबली.”

“मागच्या खेपेलाही इथं येऊनच थांबली होती. हा घ्या फोन. नातीच्या खेळातलं बदक रस्त्यापलीकडे नेऊन दाखवा.”

“हे माझ्या वयाला शोभतं का? कुठं दाबायचं?”

“बोटानं. अहो, पाय काय दाबताय? ब्रेक नाही त्यात.”

“ट्रकवाला बघ, हॉर्नसुद्धा देत नाही. गेलं बिचारं. पुन्हा लाव. आणि चालकाशी बोलू नकोस.”

“चालक कुठले? बदक आहात तुम्ही.”

“आजोबा, या आत,” नर्सनं दारातून हाक मारली.

“थांबा हो, ते रस्त्यात मधोमध उभं आहे.”

“द्या इकडे, मी नेते.”

“दोन्हीकडे बघून ने.”

ते आत गेले. इकडे बाईंचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला.