रेडिओतली खरखर

नाही, वायरमन, तू आधी रेडिओच खोल. त्या खोक्यातच बिघाड आहे, मी सांगतो ना — चाळीस वर्षं ट्रक चालवलाय, शाळा तिसरीपर्यंत, पण ट्रकच्या पोटातलं मला विचार. कंपनीनं तुला कशाला पाठवलंय? खरखर कुठून येते ते कागदावर लिहायला. मग लिही, रेडिओ खराब, झालं. चार वाजता अपघाताचे चौकशीवाले येतील, त्यांच्या हातात तेवढा कागद पडला की माझा जावई सुटला. नाही पडला तर म्हणतील, यानं वळणावर हाकच दिली नाही, आणि मोडलेल्या मांडीसकट काढतील कामावरून. मग त्याला कोण ठेवून घेणार? तू ठेवशील?

खाणीच्या रस्त्यावर गेलायस कधी? एकच गाडी मावते तिथं. वळणांना नंबर दिलेत, एक ते चौदा. भरलेली गाडी उतरताना दर वळणाआधी माईक तोंडाशी धरून सांगायचं — भरलेली, नऊ नंबर, खाली — की वर येणारा रुंद जागा बघून थांबतो. आमच्या वेळेपासून हेच चालत आलंय. त्या दिवशी वर येणारा म्हणतो, मला हाक आलीच नाही, नुसती खरखर. जावई म्हणतो, मी ओरडलो. दोघंही खरं बोलतायत. मला कसं ठाऊक? आहे ठाऊक. समोरासमोर आले तेव्हा यानं गाडी डोंगरात घातली, त्याला दरीत ढकललं नाही — हे बघ दार कसं चेपलंय, इथंच अडकला होता पाय.

हं, दाबतो माईक. हॅलो, हॅलो, म्हातारा बोलतोय. काय येतंय तुझ्या हातातल्या सेटवर? खरखरच ना? आणि इंजिन तर बंद आहे. म्हणजे डायनामोचा दोष नाही, असता तर अ‍ॅक्सिलेटरबरोबर रेडिओत शिट्टी चढली असती — मला नको शिकवू. आता एकेक काढून बघतोयस, बघ. वायपरची तार काढली, खरखर आहेच. दिवे काढले, आहेच. हॉर्न — आहेच. राहिला रेडिओ. मी काय म्हणत होतो? लिही. — तो डोक्यावर फिरतोय तो पंखा राहू दे. एवढासा तर पंखा, त्यानं काय होतंय. हात नको लावू, नवा आहे, महिना झाला नाही. माणूस उन्हात भाजून घरी येतो, पोरगी म्हणाली, आबा, ह्यांना घास जात नाही हो — म्हणून बसवला. कोणी म्हणजे? बसवला कोणीतरी. तुला काय करायचंय?

काढलीसच तार. हॅलो. हॅलो — आला ना आवाज? मलासुद्धा ऐकू आला, घशातली घरघरही कळली.

त्या जोडाकडे असं नको बघूस. रेडिओची तार बॅटरीवरून एकटी यायला हवी, तिला दुसरं काही लटकवायचं नसतं, हे तुला कोणीतरी शिकवलंय, मला नाही शिकवलं. हाताशी होती, सोलली, पीळ मारला, टेप गुंडाळली, फिरला पंखा. पोरीला बोलावून दाखवला, बापाचं कसब बघ म्हणून. आठ दिवसांनी जावई म्हणाला, आबा, पंखा लागला की रेडिओ कुरकुरतो वाटतं. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, तू पाळण्यात होतास तेव्हापासून तारा जोडतोय मी, नको असेल तर घाम पुसत बस. पोरीसमोर म्हणालो. त्यानं पुन्हा विषय काढला नाही आणि पंखाही बंद केला नाही, सासऱ्याचा मान ठेवला. काल दवाखान्यात चौकशीवाल्यांनी विचारलं, गाडीत नवीन काही बसवलं होतं का? तर छताकडे बघून म्हणतो, नाही. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. ते गेल्यावर पोरगी त्याच्यावरच कावली — एक हाक द्यायला जीभ झिजत होती का तुमची? मी तांब्या उचलला आणि पाणी भरायला बाहेर गेलो.

असं नाही का होणार, वायरमन — हा जोड उपटून टाकू, तार होती तशी करू, कोणाला काय कळतंय? नाही रे. मग रेडिओ स्वच्छ बोलेल, आणि खरखर दाखवू कुठली? जावई खोटा पडेल. दोन्हीकडून त्याला बुडवणारा मीच की. सकाळपासून हेच घोळतंय डोक्यात, म्हणून तुझं डोकं खात बसलो.

ती तार परत जोड. तशीच, माझ्या हातची दिसू दे. आणि कागदावर लिही, पंख्याच्या जोडानं खरखर. जोड कोणी मारला तेही लिही — सासऱ्यानं, जावयानं सांगूनही ऐकलं नाही. ते शेवटचंही लिही. आण इकडे, सही येते मला, वेळ लागतो.

फाटकातून ती येतेय ना, पिशवीवाली, ती पोरगी माझी. नवऱ्याचं सामान न्यायला आलीय गाडीतलं. कागद घडी कर, खिशात घाल. तू काही बोलू नकोस तिच्याशी. मी सांगतो. जा तू — जा म्हटलं ना.