आत्याचा चौकोन

...आणि वर मलाच विचारतात, "तळ्यात माणसं सोडली कुणी?" अहो, सोडली म्हणजे? मी काय धरून ढकलली का त्यांना? तुम्हाला सांगतो, नकाशाच्या खात्यात नोकरी करू नये माणसानं! आमचे साहेब, ते बोलतात असे नाकातून, म्हणाले, "अख्ख्या शहराचे चौकोन पाड. कुठल्या चौकोनात किती माणसं, ते लिही. त्यावरून बसचे थांबे ठरणार!" सोपं वाटतं ना? मलाही वाटलं! पण जनगणनावाले देतात काय? सबंध वॉर्डाचा मिळून एक आकडा! वीस हजार माणसं. बरं, ती राहतात कुठं? ते तुमचं तुम्ही बघा! मग मी आपली पत्ते वाटावेत तशी सगळ्या चौकोनांत सारखी वाटून टाकली. तर तळ्यात गेली नव्वद, दफनभूमीत साठ, तीही जिवंत! पण बेरीज? बेरीज चोख!

साहेब कडाडले, "डोकं वापर! आकाशातून काढलेला फोटो घे, छपरं बघ. छप्पर तिथं माणूस!" घेतला. संगणकाला सांगितलं, बाबा रे, मोठं छप्पर, जास्त माणसं. आता त्याला काय कळतंय? लाकडाच्या वखारीचं छप्पर केवढं असतं... त्यानं वखारीत कोंबली सातशे! आणि टेकडीवर माझी आत्या राहते, सख्खी, जिनं मला लहानाचा मोठा केला, तिथं ही गर्द झाडी, छप्पर दिसणार कुठून? तिच्या चौकोनात आलं, शून्य पूर्णांक तीन दशांश! म्हणजे धड अर्धी बाईसुद्धा नाही! पण बेरीज चोख! साहेबांनी सही ठोकली, आणि टेकडीवरचा थांबा उचलून वखारीपुढं!

तिचा आकडा मीच तिला सांगून बसलो. आत्याचे गुडघे गेलेत हो. दवाखान्यात जायचं तर तीच एक बस. टेकडी उतरली काठी टेकत, वळणावळणावर बसत, आणि आली तणतणत थेट साहेबांच्या केबिनमध्ये! "साहेब, नीट बघा माझ्याकडे. यातली कुठली तीन दशांश मी?" साहेब चष्मा पुसायला लागले. "बाई, त्याचं असं आहे, बेरीज अगदी चोख..." "बेरीज घाला चुलीत!" मला हसू आवरेना, आणि तिचे पाय बघून रडूही आवरेना. जिन्यात तिनं मला गाठलं. "खरं सांग, काय केलं म्हणजे मी अख्खी दिसेन?" आता मी गाढव! बोलून गेलो, "आत्या, वरून छप्पर दिसायला हवं गं, बाकी काही नाही..."

झालं! पुढचा फोटो येईपर्यंत टेकडीवरच्या समस्त बायकांनी अंगणात, परसात, खुराड्यांवर, मोकळ्या माळावर, जागा दिसेल तिथं निळ्या ताडपत्र्या ताणल्या! संगणक बिचारा भोळा. त्याला वाटलं, वा, काय वस्ती वाढलीय! एकट्या आत्याच्या चौकोनात चारशे! थांबा परत टेकडीवर! मला कळलं का? कळलं! बोललो का? छे हो, आत्या आहे माझी!

पण वॉर्डाचा आकडा तर बांधलेला. वीस हजार म्हणजे वीस हजार. टेकडीवर चढली ती कुठून तरी उतरायला नकोत? उतरली ना... नेमकी साहेबांच्या कॉलनीतून! त्यांचाच थांबा गेला! दुसऱ्या दिवशी साहेब पायी, घामाघूम, नाकातला आवाज थेट टाळूत, "अरे, माझ्या घरात अर्धा माणूस? आम्ही पाच जण आहोत! आणि त्या अर्ध्यात बायको आहे की मी?" मी म्हणालो, "साहेब, बेरीज..." "चोख आहे! माहितेय मला!" मग शिक्षा कुणाला? मलाच! "जा, दारोदार फिर, माणूस डोळ्यांनी बघ आणि लिही. टेकडीपासून सुरू कर!"

चढलो टेकडी. पहिलंच दार आत्याचं. मी आपला सरकारी आवाज काढला, "या घरात किती जण राहतात?" आत्या दारात काठी रोवून उभी. "तुझ्या नकाशात किती आहेत?" म्हटलं, "चारशे." "मग नकाशा काय खोटं बोलेल? लिही चारशे. आणि चपला बाहेर काढ मेल्या, चारशे जणांचा केर मी एकटी काढते!"

काय करता... काढल्या चपला.