कानातला माणूस

शौकत : मी काय म्हणतो ॲल्फ्रेडभाई, यहयासाहेबांनी त्या गाणाऱ्या बाईला सांगितलं ना, लॅपटॉप खराब झाला? मग खलास. तुम्ही आता कशाला मध्ये पडता?

ॲल्फ्रेड : लॅपटॉप खराब झालेला नाही.

शौकत : ते तुम्हाला माहीत, मला माहीत. तिसऱ्याला कशाला सांगायचं? आणि ती केबल उलटी गुंडाळताय. तीस वर्षं साउंडमध्ये काढलीत आणि आज केबल उलटी!

ॲल्फ्रेड : तूच गुंडाळ.

शौकत : द्या इकडे. बसा त्या स्पीकरवर. नाश्ता केलात? कुठला करणार. काल शो पडला म्हणून हॉटेलवाल्यांनी आज आपला चहापण बंद केला. उम्म अल कुवैनची माणसं शांत असतात म्हणे. काल कसली ओरडत होती.

ॲल्फ्रेड : ती चाळीस सेकंद उभी होती रे. म्युझिक चालू झालं, पुढे गेलं आणि ती कानाला हात लावून उभी. मी डेस्कवरून बघतोय.

शौकत : मला वाटलं घसा बसला. मी लाइट बरोबर दिला होता हां. पण खरं सांगू, मला अजून कळलं नाही तुम्ही केलंत काय.

ॲल्फ्रेड : गाणं सुरू व्हायच्या आधी गाणाऱ्याच्या कानात मोजतात. वन, टू, थ्री, फोर. लोकांना ऐकू येत नाही. फक्त तिला, आणि डेस्कवर मला.

शौकत : ते माहितीये. तो टिकटिक आवाज.

ॲल्फ्रेड : हिच्याकडे टिकटिक नव्हती. एक पुरुष मोजायचा. आणि त्याच्या मागे घरघर, भांड्यांचा आवाज, काय काय. दुपारी चेकिंगला ती दोन गाणी गायली आणि खोलीवर गेली. लॅपटॉप माझ्याकडे. मला वाटलं, बाईच्या कानात एवढी घाण कशाला? अकराच्या अकरा गाण्यांतलं ते मोजणं काढलं. स्वच्छ टिकटिक टाकली. सेव्ह केलं.

शौकत : दुसऱ्या नावाने सेव्ह करायचं ना! मला तुम्हीच शिकवलंत. आधी कॉपी, मग कारागिरी.

ॲल्फ्रेड : नाही केली कॉपी. माझी रोझ गेल्यापासून असं होतं. गॅस बंद केला का, दार लावलं का. पण हे काम मी कधी चुकलो नव्हतो.

शौकत : जाऊ दे हो. आकडेच तर होते. चार आकडे कोणीही बोलेल.

ॲल्फ्रेड : तिचा नवरा होता तो. कोलम. दोन वर्षांपूर्वी वारला. ती काल पडद्यामागे बसून यहयासाहेबांना सांगत होती.

शौकत : या अल्ला.

ॲल्फ्रेड : हां.

शौकत : मग तर अजिबात सांगू नका. लॅपटॉप मेला म्हटलं की माणूस मशीनला शिव्या देतो आणि गप्प बसतो. तुम्ही सांगितलंत तर ती तुम्हाला देईल. पुढच्या महिन्यात तुमचा व्हिसा रिन्यूला आहे. यहयासाहेब खोटे पडले तर ते रिन्यू करतील? साठीला आलेल्या माणसाला कोण घेणार? जाल वसईला परत.

ॲल्फ्रेड : वसईला कोण आहे? रोझ इथे आहे.

शौकत : तेच सांगतोय. दर शुक्रवारी सिमेट्रीत जाता. ते बंद होईल.

ॲल्फ्रेड : तो विचार केला मी. रात्रभर तोच केला.

शौकत : मग?

ॲल्फ्रेड : यहयासाहेबांनी तिला म्हटलंय, दुबईत एक दुकान आहे, गेलेलं सगळं परत काढून देतात. ती तिथे जाणार.

शौकत : जाऊ दे की. तेवढीच तिला आशा.

ॲल्फ्रेड : तुला रोझचा फोन आठवतो? मी शारजात घेऊन फिरायचो तो.

शौकत : आठवतो म्हणजे? माझ्याच गाडीतून फिरलात. तीन दुकानं. तो दुकानवाला मलबारी प्रत्येक वेळी म्हणायचा, अंकल, इन्शाल्ला गुरुवारपर्यंत.

ॲल्फ्रेड : शेवटच्या दुकानात एक पोरगी होती. ती म्हणाली, अंकल, हा बिघडलेला नाहीये. कोणीतरी मुद्दाम सगळं पुसलंय. तारीखपण सांगितली. रोझ गेल्यानंतरचा नववा दिवस.

शौकत : कोणी पुसलं?

ॲल्फ्रेड : घरात दोघंच होतो. मी आणि ॲशले.

शौकत : ॲशलेने? का?

ॲल्फ्रेड : मी दिवसभर फोन घेऊन तिचा आवाज ऐकत बसायचो. जेवत नव्हतो. तिला वाटलं असेल, फोनच नसला तर पप्पा उठतील. मला म्हणाली, डॅड, इट जस्ट डाइड. तिने माझ्यासाठीच केलं. पण मी सहा महिने दुकानं फिरलो, शौकत. प्रत्येक गुरुवारी मला वाटायचं, आज मिळेल.

शौकत : तिला बोललात का कधी?

ॲल्फ्रेड : काय बोलू? एकच पोर आहे.

शौकत : हं. धरा हे दुसरं टोक. सरळ धरा. ही बाई मोठी होती का हो? काल तर शंभरपण माणसं नव्हती.

ॲल्फ्रेड : मोठी म्हणजे! वसईत एकही लग्न तिच्या गाण्याशिवाय झालं नाही, दोन वर्षं. मी तेव्हा लग्नात साउंड लावायचो. ते गाणं लावलं की म्हातारेपण खुर्चीवरून उठायचे. त्या वेळी असा आवाज कुणी ऐकला नव्हता. सगळी मशीन, आणि मध्ये ही एकटी पोरगी. रोझ आणि मी त्याच गाण्यावर पहिल्यांदा नाचलो. रोझने पेपरातला तिचा फोटो कापून कपाटाला आतून चिकटवला होता.

शौकत : मग अशी इथे कशी? हॉटेलात, लॅपटॉप घेऊन?

ॲल्फ्रेड : उतरली असेल. सगळेच उतरतात. ती बघ, आलीच.

शौकत : ॲल्फ्रेडभाई, ऐका माझं. व्हिसा.

ॲल्फ्रेड : तू ट्रक मागच्या गेटला लाव. जा.

(शौकत जातो. पुढचं बोलणं इंग्रजीत झालं.)

मेव्ह : साउंडचे तुम्हीच ना? ते दुकान कुठे आहे? मला संध्याकाळी खलिफा सिटीला पोचायचंय, एका क्लबात गायचंय. मध्ये थोडे तास आहेत. लॅपटॉप तिथे दाखवून जाते.

ॲल्फ्रेड : बसा मॅडम.

मेव्ह : मॅडम नको. मेव्ह म्हणा. टॅक्सीवाल्याला कळेल असा पत्ता लिहून द्या.

ॲल्फ्रेड : दुकानात जाऊ नका. तिथे काही मिळणार नाही. तो तुम्हाला उद्या सांगेल, मग परवा सांगेल. तुम्ही आयर्लंडहून फोन करत राहाल.

मेव्ह : तुमचे मॅनेजर म्हणाले...

ॲल्फ्रेड : लॅपटॉप चांगला आहे. आवाज मी काढला.

मेव्ह : कुठला आवाज?

ॲल्फ्रेड : मोजायचा. कोलमचा. काल दुपारी, तुम्ही खोलीवर गेल्यावर. मला तो दोष वाटला. मी पुसून टिकटिक टाकली आणि त्याच्यावरच सेव्ह केलं. मशीनची काही चूक नाही. मॅनेजरनी मला वाचवायला तसं सांगितलं.

मेव्ह : तुम्हाला काढायला कोणी सांगितलं होतं?

ॲल्फ्रेड : कोणी नाही.

मेव्ह : मग का काढलात?

ॲल्फ्रेड : घरघर ऐकली की मी काढतो. आयुष्यभर तेच केलं.

मेव्ह : मला विचारायचं होतं. मी दोन मजले वर होते.

ॲल्फ्रेड : हो. विचारायला हवं होतं.

मेव्ह : आता बोलू नका. मी काय सांगते ते ऐका.

ॲल्फ्रेड : बरं.

मेव्ह : लोक मला म्हणायचे, ही कसली गायिका, मशीन वाजतं आणि ही एकटीच उभी राहते. बँड नाही, कोणी नाही. मी एकटी कधीच नव्हते. काल पहिल्यांदा होते.

ॲल्फ्रेड : दुसरी कॉपी कुठेच नाही का?

मेव्ह : त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर होती. तो मी गावातल्या शाळेला देऊन टाकला. बघितलंपण नाही आत काय आहे. मशीनचं सगळं तोच बघायचा. म्हणजे तुम्ही एकटेच मूर्ख नाही.

ॲल्फ्रेड : पेपरात तर छापलं होतं, तुम्ही लहानपणापासून मशीनवर गाणी करता. समुद्राकाठी, वाऱ्याचे आवाज ऐकून.

मेव्ह : ते कंपनीने लिहिलं. वारा कसला? माझे वडील टीव्ही दुरुस्त करायचे. कोणीतरी एक कीबोर्ड दुरुस्तीला टाकला आणि न्यायला आलंच नाही. त्याच्या सात पट्ट्या वाजत नव्हत्या. उरलेल्यांवर मी ते गाणं केलं. एकोणीस वर्षांची होते. तुम्हाला ठाऊक आहे ते गाणं?

ॲल्फ्रेड : माझ्या गावी शंभर लग्नांत वाजवलंय.

मेव्ह : तुमच्या गावी? भारतात? मला कोणी सांगितलं नाही.

ॲल्फ्रेड : पैसे कोणी दिले नसतील, मग सांगणार कोण?

मेव्ह : हसवू नका मला. मी रागावलेली आहे.

ॲल्फ्रेड : रागवा. पुढे काय झालं?

मेव्ह : तिसरा अल्बम चालला नाही. कंपनीने फोन उचलणं बंद केलं. बारा वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले. तिकिटं विकली. लोक खिडकीतून वाकून बघायचे, ही तीच का? कोलम पार्सलं टाकायला यायचा. लग्नानंतर एक दिवस म्हणाला, तू भांडी घासताना गातेस, ते रेकॉर्ड करू. आमच्या स्वयंपाकघरात केली ती अकरा गाणी. तुमची घरघर म्हणजे आमचा फ्रिज.

ॲल्फ्रेड : मला वाटलंच, फ्रिज किंवा पंखा.

मेव्ह : खरंच काहीच उरलं नाही?

ॲल्फ्रेड : दोन उरलीत. मी चेकिंग नेहमी रेकॉर्ड करतो, तुमच्या कानात जातं तेसुद्धा. तुम्ही दुपारी दोन गाणी गायलात, तेवढ्यांचं मोजणं आहे. रात्री काढून या पेनड्राइव्हवर ठेवलंय. हे घ्या. हेडफोन लावा.

मेव्ह : थांबा. हां. लावा.

ॲल्फ्रेड : परत लावू?

मेव्ह : परत. पुरे. यातलं एकच सगळ्या गाण्यांना जोडता येईल ना? तुम्ही तेच सांगणार होतात.

ॲल्फ्रेड : जोडता येईल. दहा मिनिटांचं काम आहे. पण मी सांगणार नव्हतो. प्रत्येक गाण्याला तो वेगळा मोजत होता.

मेव्ह : तुम्हाला कसं माहीत?

ॲल्फ्रेड : काढायच्या आधी ऐकावं लागतं. कुठून कुठपर्यंत कापायचं ते बघायला. दोन-दोन, तीन-तीन वेळा ऐकलं.

मेव्ह : सगळी अकरा?

ॲल्फ्रेड : सगळी. हेडफोन लावून, दार बंद करून.

मेव्ह : म्हणजे त्याला शेवटचं तुम्ही ऐकलंत.

ॲल्फ्रेड : हो.

मेव्ह : तुम्ही लग्न केलंय?

ॲल्फ्रेड : केलं होतं. चौदा महिने झाले. इथेच पुरलंय तिला.

मेव्ह : तिचा आवाज आहे तुमच्याकडे?

ॲल्फ्रेड : नाही.

मेव्ह : तोही कुणी पुसला?

ॲल्फ्रेड : ज्याने पुसला त्याने प्रेमानेच पुसला.

मेव्ह : हं. शेवटच्या गाण्याला काय होतं? माझी आठवण पक्की नाही. तिथे नेहमी टाळ्या चालू असतात, मला नीट ऐकू येत नाही. वन, टू?

ॲल्फ्रेड : आकडे नव्हते. नुसता श्वास घेतला त्याने. एकदाच. आणि म्युझिक सुरू.

मेव्ह : मोठा श्वास?

ॲल्फ्रेड : मोठा नाही. वाकून खालचं काही उचलायच्या आधी माणूस घेतो, तेवढा.

मेव्ह : दोन वर्षं रोज रात्री तो माझ्या कानात होता आणि हे मला माहीतच नव्हतं. आणखी सांगा. तिसऱ्या गाण्यापासून सांगा.

ॲल्फ्रेड : तिसऱ्यात 'टू' म्हणताना त्याच्या तोंडात काहीतरी होतं. बिस्कीट असेल.

मेव्ह : टोस्ट. तो कायम खात असायचा. थांबा, मी लिहून घेते. पेन आहे?

ॲल्फ्रेड : आहे. हा घ्या.

मेव्ह : हे सांगितल्यामुळे तुमची नोकरी जाईल का?

ॲल्फ्रेड : बघू. चौथ्यात मागे कुत्रा भुंकला. त्याने मोजणं थांबवलं नाही, पण 'फोर'ला हसला.

मेव्ह : आमचा नव्हता तो. शेजारचा. हावरट कुत्रा, त्याला टोस्टचा वास यायचा. लिहिलं. पुढे?

शौकत : ॲल्फ्रेडभाई, ट्रक लागला. यल्ला, चला, यहयासाहेब बोलावतायत. सांगितलंत की काय तिला?

ॲल्फ्रेड : सांगितलं.

शौकत : आणि? ही काय लिहितेय? कंप्लेंट?

मेव्ह : काय म्हणतायत ते? जावं लागेल तुम्हाला?

ॲल्फ्रेड : नाही, बसा. शौकत, साहेबांना सांग, थोडा वेळ लागेल. आम्ही पाचव्या गाण्यावर आलोय.