कंदील धरणारा कोण?

बहीण : पण काका, आधी हो किंवा नाही एवढंच सांगा. वाचनालयातून आलेल्या गठ्ठ्यात ‘नऊ नद्यांची राणी’चा तिसरा भाग आहे की नाही?

बाइंडर : असेल, नसेल. गठ्ठ्यात चाळीसेक पुस्तकं आहेत, ताई, आणि इकडे माझा चिकटवायचा सरस थंड होतोय. त्या स्टुलावर बसू नका, ओलं आहे.

बहीण : वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, जुना संच खिळखिळा झाला म्हणून शिलाईला तुमच्याकडे पाठवलाय. आम्हाला न्यायचं नाहीये. फक्त पाच मिनिटं बघायचंय.

भाऊ : चल ना, जाऊ. कशाला त्यांच्या कामात लुडबूड.

बहीण : आता का? सकाळी तूच म्हणालास ना, आपल्या वाचनालयाच्या पुस्तकात वेगळं होतं म्हणून? मग बघूनच जाऊ. काका, हा माझा दादा. दवाखान्यात कंपाउंडर आहे.

भाऊ : चार वाजेपर्यंत आहे.

बहीण : दादा!

बाइंडर : चार वाजता काय आहे?

भाऊ : मोठ्या मॅडमना औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या परत देणार आहे. काल सांगितलंय त्यांना. नोकरी सोडतोय.

बहीण : सोडतोय म्हणे! याला काही झालेलं नाही, काका. दोन महिन्यांपूर्वी शिडीवरून पडला, डोकं फळीवर आपटलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं ठीक म्हणाले, कामावर जा म्हणाले. आणि हा ऐकतच नाही.

भाऊ : डॉक्टरांनी पास केलं. हिच्या वहीनं नापास केलं.

बाइंडर : कसली वही?

बहीण : ते… आमचा लहानपणापासूनचा खेळ आहे. दोघंही त्या पुस्तकांचे वेडे. मी याला बारीकसारीक प्रश्न विचारायचे, हा मला विचारायचा. नावाड्याच्या कुत्रीचं नाव काय, राणीच्या तलवारीला खडे किती…

बाइंडर : ठिणगी. आणि सात, पण एक पडलेला.

बहीण : अय्या! तुम्हीपण?

बाइंडर : कानावर पडतं इकडेतिकडे. बरं, पुढे?

बहीण : हा दवाखान्यातून घरी आला तेव्हा मला वाटलं, तोच खेळ खेळू, तेवढाच डोक्याला व्यायाम. रोज दोन प्रश्न. मी वहीत लिहायचे, उत्तर पुस्तकात बघायचे, बरोबर की चूक अशी खूण करायचे. मला काय माहीत हा ते एवढं मनाला लावून घेईल!

भाऊ : साठ प्रश्न. नऊ चुकले. आणि अंदाजपंचे चुकले असते तर गोष्ट वेगळी. मला ती नऊही उत्तरं डोळ्यांसमोर दिसतात, काका. पान दिसतं. डावीकडचं की उजवीकडचं, तेसुद्धा दिसतं. आणि ही पुस्तक उघडून दाखवते, तर तिथे भलतंच काहीतरी. मग मी जे बघतोय ते काय आहे?

बाइंडर : हं.

भाऊ : परवा एका बाईंना खोकल्याचं औषध दिलं. त्या गेल्या आणि मला धडकी भरली. धावत रस्त्यापर्यंत गेलो, बाटली परत मागितली. बरोबरच होती. पण त्या बाईंनी माझ्याकडे कसं पाहिलं ते सांगता येत नाही. उद्या बरोबर नसली तर? माझ्या कपाटात असली औषधं आहेत की चमचा इकडचा तिकडे झाला तर माणूस जाईल.

बहीण : एकोणीस वर्षांत याच्या हातून एक गोळी इकडची तिकडे झालेली नाही.

भाऊ : तेव्हा डोकं माझं होतं.

बाइंडर : काय काय चुकलं, ते वाचा बघू.

बहीण : आता वही वाचून काय होणार? पुस्तक दाखवा ना.

बाइंडर : वाचा तर खरं.

बहीण : हे घ्या. ‘राणीनं काळदरीचा किल्ला घेतला तेव्हा नावाडी कुठे होता?’ हा म्हणाला, राणीच्या मागे, कंदील धरून. चूक. नावाडी आधीच नदीत बुडून मेलाय, बर्फ फुटून. ‘किल्ल्यात राणी का रडली?’ हा म्हणाला, आनंदानं.

भाऊ : आनंदानंच रडली ती. इतकी वर्षं जिवाचं रान करून किल्ला मिळाला, बाई रडणार नाही?

बहीण : नावाडी मेला म्हणून रडली रे! ‘ठिणगी किल्ल्यात कुणाला शोधत फिरत होती?’ हा म्हणे, खायला काही मिळतंय का ते बघत होती. कुत्री धन्याला शोधतेय आणि हा म्हणतो खायला!

भाऊ : मला ते वाक्य आठवतं. ‘ठिणगी प्रत्येक दाराशी जाऊन हुंगत होती.’ मला वाटलं, भूक लागली असेल.

बाइंडर : नऊच्या नऊ प्रश्न तिसऱ्या भागातले आहेत का, ताई?

बहीण : थांबा हं… हा तिसरा… हापण… हो. अरे, हो की. हे माझ्या ध्यानातच नाही आलं.

भाऊ : म्हणजे तेवढाच भाग गेला माझ्या डोक्यातून?

बहीण : असं कसं होईल? शिडीवरून पडताना डोकं काय नेम धरून तिसऱ्या भागावर आपटतं?

भाऊ : मला काय माहीत! मला तर आता काहीच कळेनासं झालंय.

बहीण : काका, तुम्हाला काय वाटतं?

बाइंडर : मला कुठे विचारता? सरस ढवळतोय.

बहीण : आणि ते टेबलावर काय आहे? ते निळं कापड… दादा, हेच आहे ना ते? यावर राणीची होडी होती!

भाऊ : हेच. हा कोपरा उंदरानं खाल्लेला. पण आत काहीच नाही.

बाइंडर : उसवलंय ते. आज सकाळीच. पुठ्ठा वेगळा, फर्मे वेगळे. सोळा सोळा पानांच्या घड्या असतात, त्यांना फर्मा म्हणतो आम्ही. ते बघा, ओळीनं लावलेत.

बहीण : वाचू ना मग? किल्ला कुठेय… हा. आणि नदी त्याच्या आधी. दादा, बघ तूच. आधी बर्फ फुटतो, नावाडी जातो, मग किल्ला. घरच्या पुस्तकात आहे तसंच आहे.

भाऊ : हं.

बहीण : दादा…

भाऊ : ठीक आहे. बघून झालं. चला.

बहीण : असं नको ना करूस. तुझी आवृत्ती वेगळी निघाली असती तर… मला खरंच वाटलं होतं रे निघेल म्हणून.

भाऊ : मला नव्हतं वाटलं. तुझं मन राखायला आलो. काका, त्रास दिला तुम्हाला.

बाइंडर : थांबा.

भाऊ : नको, चारच्या आत पोचायचंय.

बाइंडर : थांबा म्हणतो ना! बसा. त्या स्टुलावर बसा, ओलं असलं तर असू दे. ताई, दार लोटून घ्या.

बहीण : काय झालं?

बाइंडर : घरी कुठलं पुस्तक आहे तुमच्या?

बहीण : नवा संच. दादानंच पहिल्या पगारातून मला आणून दिला. यानं स्वतः तो कधी उघडला नाही, म्हणे, चार भाग पाठ आहेत, पुढचे वाचू सावकाश. याचं सगळं वाचन या जुन्या संचातून झालेलं, चौथ्यापर्यंत; पुढचे भाग तेव्हा वाचनालयात नव्हतेच. मी तेव्हा फार लहान होते.

बाइंडर : म्हणजे हा तिसरा भाग यांनी वाचला तो माझ्या हातचा. याच्या आधीही मीच शिवला होता, बरं का. तेव्हा माझे केस काळे होते. वाचनालयात खालून ओल आली होती, पुस्तकांच्या कडा कुजून एकमेकींना चिकटलेल्या. आमच्यात आधी फर्मे जुळवायचे, मग शिवायचं, शेवटी कडा कापायच्या. मी म्हटलं, ही कुजकी घाण आधी काढून टाकू. आधी कापलं. बोटभर. पानांचे आकडे खालीच छापलेले असतात. गेले सगळे कातरणात.

भाऊ : आकडे नव्हतेच त्या पुस्तकाला. आठवतं मला. खुणेला मी बसचं तिकीट ठेवायचो.

बाइंडर : आणि त्यात माझा हात लागून गठ्ठा खाली पडला. झाले फर्मे इकडचे तिकडे. आता आकड्यांशिवाय लावणार कसे? वाचून. फर्मा संपतो तिथे वाक्य अर्धं तुटतं, ते ज्या फर्म्याशी जुळेल तो पुढचा. असे सगळे लावले. आणि एका जागी अडलो.

बहीण : कुठे?

बाइंडर : अकराव्याशी. अकरावा संपतो, ‘राणीनं मागे वळून पाहिलं, आणि…’ एवढ्यावर. शिल्लक फर्म्यांत एक सुरू होतो, ‘बर्फ तडकला.’ दुसरा सुरू होतो, ‘दार उघडलं.’ दोन्ही बसतात. आणि दोन्ही फर्मे शेवटी तीन चांदण्या छापून थांबतात, म्हणजे पुढेही कुठलाही चालतो. काय करणार?

बहीण : काय केलंत?

बाइंडर : डोकं चालवलं, तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली. किल्ल्यात राणीच्या मागे कुणीतरी कंदील धरून उभं आहे, नाव दिलेलं नाही. मी म्हटलं, हा नावाडीच, दुसरं कोण असणार! आणि मेलेला माणूस कंदील कसा धरेल? म्हणजे नावाडी मरायच्या आधी किल्ला. किल्ल्याचा तेरावा आधी घातला, नदीचा बारावा नंतर. शिवला, सरस लावला, दिला पाठवून. वर स्वतःची पाठ थोपटली.

बहीण : अहो, पण कंदील तर शत्रूच्या मुलीनं धरलेला असतो! ते पाचव्या भागात कळतं!

बाइंडर : पाचवा भाग माझ्याकडे तेव्हा होता का? गोडी लागली म्हणून पुढचे वाचत गेलो, आणि पाचव्यात कळलं की आपण माती खाल्ली. जाऊन सांगायचं ना? नाही सांगितलं. हे पुस्तक बाइंडरनं बिघडवलं म्हटलं तर काम कोण देईल? परवा गठ्ठ्यात ते दिसलं तेव्हा मनात म्हटलं, गुपचूप सरळ करून टाकू, कुणाला कळणार आहे. सकाळीच उसवलं आणि नीट लावून ठेवलं. अन् दुपारी तुम्ही दारात.

भाऊ : म्हणजे… मी वाचलं तेव्हा आधी किल्ला होता?

बाइंडर : आधी किल्ला, मग नदी.

भाऊ : नाही काका. तुम्ही भले आहात. माझी दया आली म्हणून सांगताय.

बहीण : दादा, काहीतरीच काय!

भाऊ : तुझ्यासमोर फर्मे आहेत, बरोबर लावलेले. आणि यांचा फक्त शब्द. दवाखान्यात मीसुद्धा म्हाताऱ्यांना असंच बोलतो. काही नाही हो, होईल ठीक.

बाइंडर : दया? मी? ताई, सांगा याला, मी तुम्हाला मघापासून पाणीतरी विचारलंय का? इकडे या, कंपाउंडर. डोळे चांगले आहेत ना? हे बघा अकराव्याचं शेवटचं पान. काय दिसतं?

भाऊ : भोक. कसर लागलीय.

बाइंडर : केवढं?

भाऊ : मसुराएवढं.

बाइंडर : किडा पानापानातून सरळ भोक पाडत जातो, मधली पानं वगळून उडी मारत नाही. आता त्याच्याखाली बारावा ठेवा, मी सकाळी लावला तसा. जुळतं भोक?

भाऊ : नाही. याचं भोक अगदी बारीक आहे. मोहरीएवढं. आणि सरकलेलंही.

बाइंडर : आता बारावा काढा. तेरावा ठेवा.

भाऊ : हा घ्या, ठेवला.

बहीण : जुळलं का? दादा, जुळलं का?

भाऊ : मसूर. मसुरावर मसूर.

बाइंडर : आता तेराव्याच्या शेवटच्या पानाखाली बारावा.

भाऊ : मोहरीवर मोहरी. पुढे संपलं. चौदाव्याला भोकच नाही.

बाइंडर : त्या किड्याला माझी काही दया आलेली नव्हती. त्यानं खाल्लं ते पुस्तक जसं होतं तसं. तुम्हीही वाचलंत ते तसंच.

बहीण : महिनाभर, दादा. महिनाभर मी तुझ्या बरोबर उत्तरांवर लाल फुल्या मारत बसले. तू सांगत होतास, पान दिसतंय म्हणून. मी तुला पुस्तक उघडून दाखवायचे आणि तुझं तोंड उतरायचं, आणि मला वाटायचं, मी तुला मदत करतेय.

भाऊ : रडू नकोस. सरसात पडेल.

बहीण : मला तुझी भीती वाटायला लागली होती रे. रात्री दोनदा उठून बघायचे, तू गॅस बंद केलास का. तू जागाच असायचास.

भाऊ : माहीत होतं. पावलं ओळखतो ना तुझी. आणि मलाही माझी भीती वाटत होती, म्हणून काही बोललो नाही.

बाइंडर : चूक माझी. वाचनालयात जाऊन सांगेन मी, हवं तर आजच. काय म्हणायचं ते म्हणू देत.

भाऊ : मला एक सांगा काका. कंदील धरणारी ती मुलगी शत्रूची, तर ती राणीच्या मागे का उभी राहते?

बाइंडर : ते सातव्यात येतं. सांगू?

बहीण : मुळीच सांगायचं नाही! तो स्वतः वाचेल. घरी संच आहे.

भाऊ : तुझा फोन वाजतोय.

बहीण : माझा कुठे? तुझाच आहे, तुझ्या खिशात. दवाखान्यातून असणार. घे.

भाऊ : (फोन कानाला लावून) बोला मॅडम… हो, बाहेर आहे… कुठली, लहान मुलांच्या तापाची? दुसरं कपाट, तुमच्याकडच्या जोडकिल्लीनं उघडा, वरून तिसरा कप्पा, डावीकडे, मोठ्या पांढऱ्या बरणीच्या मागे… नाही, कालच ठेवलीय मी, तिथेच आहे… लेबल वाचून घ्या, ते तर घ्यायचंच असतं… नाही मॅडम, दुसऱ्या कुणाला नका नेमू, किल्ल्या माझ्याकडेच राहू देत. निघालोच मी.