शेरा: लिफ्ट सुस्थितीत

समारंभाचे अध्यक्ष, आपले वैद्यकीय अधीक्षक. नियोजन खात्यातून आवर्जून आलेले प्रमुख पाहुणे. व्यासपीठावरची मान्यवर मंडळी. माझ्या जुन्या परिचारिका मैत्रिणी. आणि तीन जिने चढून अजून धापा टाकणाऱ्या श्रोत्यांनो,

मी या रुग्णालयाची निवृत्त मेट्रन. नन्सच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकले, त्यामुळे वेळ पाळायची सवय आहे आणि खोटं बोलायची नाही. दोन्हींचा त्रास आजवर इतरांनाच झाला.

आज आपण आपल्या लिफ्टचालकाला, लिफ्टमामांना निरोप देतोय. त्यांची लिफ्ट आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. जाळीचं दार, कुरकुरणारी दोरी. मध्येच अडकली की मामा आतल्या बाळंतिणीला सांगायचे, "घाबरू नकोस बाळ, हिला माहेरची आठवण आली." मग कुठेतरी एक बुक्की, कुठेतरी तेलाचा थेंब, आणि बाईसाहेब निघाल्या वर! ती मामांशिवाय कुणाचंच ऐकत नसे.

मंदी आली तेव्हा राज्यात पैसा खेळावा, लोकांच्या हाताला काम मिळावं, म्हणून सरकारने निधी सोडला. हेतू चांगलाच होता. अट एवढीच, की काम नवं हवं, दुरुस्ती चालणार नाही, आणि वर्ष संपायच्या आत पैसा संपला पाहिजे. आम्ही नवी लिफ्ट मागितली. जुनी निकामी आहे की नाही, हे पाहायला एक साहेब आले. (ते आजचे पाहुणे नव्हेत. पाहुण्यांनी निश्चिंतपणे पाणी प्यावं.)

मामांनी आदल्या दिवशी काय केलं असेल? लिफ्ट घासूनपुसून लख्ख केली! मी त्यांना बाजूला घेतलं. "मामा, आज तरी तिला रुसू द्या हो."

"बाई, पाहुण्यांसमोर घरची लाज काढायची?"

साहेब आत बसले. लिफ्ट लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली, तशीच खाली आली. साहेबांनी मामांची पाठ थोपटली आणि शेरा मारला: लिफ्ट सुस्थितीत, नव्या लिफ्टची आवश्यकता नाही.

आठवड्याभरात ती बंद पडली, ती कायमची. आम्ही कळवत राहिलो. खातं म्हणे, "आमच्याकडे ती चालू आहे."

निधी परत जाऊ नये म्हणून ज्या कामाचा नकाशा तयार होता, ते काम झालं. आपण बसलोय तेच हे सभागृह. खुर्च्या मऊ आहेत, नाही का? गवंड्यांना, सुतारांना काम मिळालं, त्यांच्या चुली पेटल्या, हे मी नाकारणार नाही. पण त्याच गवंड्यांच्या बायका शेजारच्या प्रसूतिकक्षात कशा पोचल्या? लाकडी खुर्चीत बसून, जिन्याने. आणि खुर्चीचा खालचा, जड भाग कायम कोणाच्या हातात? बंद लिफ्टच्या चालकाच्या. स्वतःच्या सुनेलाही त्यांनी असंच वर आणलं. नात सुखरूप झाली. मामांचा गुडघा मात्र त्याच जिन्यावर गेला.

परवा ते मला म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी तिला चालवायला नको होतं."

  कामात कुचराई केली म्हणून हळहळणारी माणसं मी पाहिली आहेत. काम चोख केलं म्हणून आयुष्यभर हळहळणारा हा एकच. आणि ज्यांनी शेरा मारला, ते शांत झोपतात.

निधीचा नवा हप्ता येतोय, असं आताच पाहुण्यांनी सांगितलं. आपण टाळ्याही वाजवल्या. मामांनी वाजवल्या नाहीत. आपल्या लक्षात आलं असेल, ते पहिल्या रांगेत मऊ खुर्चीवर नाहीत, कडेला लाकडी खुर्चीवर आहेत. तीच खुर्ची. आज सत्कारासाठी त्यांना तिच्यातूनच वर आणावं लागलं.

संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. चहा खाली ठेवला आहे. मामांना उतरवायला चौघं लागतात, तिघं तयार आहेत. प्रमुख पाहुण्यांनी कृपया खुर्चीचा चौथा पाय धरावा. खालचा. जड असतो.

माझं काही लागलं असेल, तर त्याची क्षमा मी खाली पोचल्यावर मागेन.