सहाशे बारा गळत्या

...नाही, तुम्हीच सांगा, 'नकाशाचा फोटोच तर काढायचाय' हे वाक्य दिवसातून दहादा ऐकल्यावर माणसानं शांत कसं राहायचं? तुम्हाला सांगतो, मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवाला. शहरात सहाशे बारा ठिकाणी पाइप गळतायत, त्या सगळ्या जागा आम्ही स्क्रीनवरच्या नकाशावर टाकल्यात, सरकवा, मोठा करा, लहान करा, सगळं होतं. पण मोठ्या साहेबांना हवा कागद! आमच्या मॅडम म्हणाल्या, "प्रत्येक गळतीचा एकेक स्क्रीनशॉट काढा, अहवालाला जोडा आणि मग जा खुशाल रजेवर. नकाशाचा फोटोच तर काढायचाय."

आता ही रजा दोन वर्षांनी मिळालेली, चारच दिवसांची. बायकोनं बॅगा भरून दारात आणून ठेवलेल्या. म्हटलं, सहाशे बारा फोटो हातानं कोण काढत बसणार, प्रोग्रॅम लिहू, तो नकाशा उघडेल, फोटो काढेल, पुढच्या गळतीवर जाईल, आपण चहा पिऊ. लिहिला. चहा प्यालो. येऊन बघतो तर सहाशे बारा राखाडी चौकोन! कारण नकाशा येतो तुकड्यातुकड्यानं, रमतगमत, आणि माझा प्रोग्रॅम उतावळा, नकाशा यायच्या आधीच फोटो काढून मोकळा. त्याला सांगितलं, बाबा रे, दहा सेकंद थांबत जा. थांबला. तेवढ्यात कोपऱ्यातून एक चौकट उगवली, 'मी आपली काय मदत करू?' आणि बसली बरोब्बर गळतीवर. सहाशे बारा वेळा मदतीला तयार, पण बाजूला व्हायला नाही...

त्यात बायकोचा फोन. "अहो, निघालात का? मी बाळाचे दिवसाला चाळीस फोटो काढते, तुम्हाला नकाशाचे जमेनात? तो तर हलतही नाही." हलत नाही म्हणे! मागून सासरे, "जावईबापू, नकाशाचा फोटोच तर काढायचाय ना?"

डोकं फिरलं हो. म्हटलं, चौकट हलत नाही तर नकाशाच जरा सरकवू. घाईघाईत सगळ्या जागांचे आकडे नव्यानं भरले, प्रोग्रॅम सोडला, फोटो न बघता छापले, गठ्ठा मॅडमच्या हातात दिला आणि सुटलो. अर्ध्या जिन्यात आठवलं... अक्षांशाच्या जागी मी रेखांश घातलेत आणि रेखांशाच्या जागी अक्षांश. म्हणजे आपल्या सगळ्या गळत्या आता भर समुद्रात!

धावत वर गेलो तर गठ्ठा मोठ्या साहेबांच्या टेबलावर पोचलेला, साहेब पानं उलटतायत. निळं. पुढचं पान, निळं. "अरे देवा," साहेब म्हणाले, "एवढं पाणी गेलं?"

मी म्हटलं, "साहेब, तो समुद्र आहे..."

"दिसतंय मला, समुद्रच करून ठेवलाय सगळा. हे पाणी ओसरेपर्यंत कुणालाही रजा नाही."

आता यांना काय समजावणार? गुपचूप आकडे सुलटे केले, त्या चौकटीचं बोलतं तोंड बंद करायचं बटण शोधलं, दुसऱ्या दिवशी खरे फोटो नेऊन ठेवले. रस्ते, घरं, चौक, सगळं कोरडं ठणठणीत. म्हटलं, घ्या, आता तरी सोडा.

साहेब खुर्चीतून उठले, माझा हात हातात घेतला. "एका दिवसात एवढं पाणी हटवलंत? आणि असा माणूस मी रजेवर सोडू?"

बॅगा अजून दारातच आहेत. आम्ही त्यातूनच कपडे काढतो, घालतो आणि धुऊन परत त्यातच ठेवतो.