टीम हरली, पण कावळा शिवला होता

मंडळी, तुम्ही सगळे आलात. पार्सिपनीचे तर आलातच, पण जर्सी सिटीहून दोन गाड्या बदलून आलेली मुलंही मागे उभी दिसतायत. पुढे या रे. खुर्च्या रिकाम्या आहेत. आपल्या कार्यक्रमाला कुणी उभं राहिलेलं मधुकाकांना चालायचं नाही.

मला बोलायला जमेल असं वाटत नाही. पण सुमनकाकू म्हणाल्या, "वर्षा, तूच बोल, तू शेजारची." आमच्या दोन्ही घरांची भिंत एकच. त्यांच्याकडे टीव्ही लागला की आम्हाला कळायचं, आणि आमच्याकडे भांडण झालं की त्यांना कळायचं. म्हणून उभी राहिलेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

काकांचं आणि बेसबॉलचं वेड तुम्हाला माहीत आहे. नागपूरचा माणूस, इथे आला तेव्हा क्रिकेट बघायला मिळेना, म्हणून ऑफिसातल्या लोकांबरोबर बेसबॉल बघायला बसला, आणि बसला तो बसलाच. आपल्या गणपतीत आरतीला डोक्यावर टोपी हवी, म्हणून टीमची टोपी घालून टाळ वाजवणारा हा एकच माणूस. काकू चिडायच्या. काका म्हणायचे, "अगं, त्यालाही सांगायला नको का, कुणासाठी मागतोय ते?"

त्यांची मॅच बघायची एक पद्धत होती. टीव्ही हॉलमध्ये, आवाज बंद. कॉमेंट्री ऐकायची ती स्वयंपाकघरातल्या रेडिओवर. आता आपल्या केबलचं चित्र रेडिओच्या मागून येतं, काही सेकंद मागे. हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा त्यांच्याकडे मॅचला गेले, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून काका म्हणाले, "च्च." टीव्हीवर बघते तर पिचर अजून हातात बॉल फिरवतोय. मग त्याने टाकला, आणि समोरच्याने तो पार प्रेक्षकांत मारला. माझ्या अंगावर काटा आला. पुन्हा "च्च," आणि पुन्हा तेच. शेवटी काकूंनी हसत रेडिओ दाखवला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

या वर्षी तर सप्टेंबर निम्मा झाला तरी आपली टीम इतकी पुढे होती की बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ्स, नक्कीच वाटत होती, आणि काकांनी लेकीला, अनघाला, शिकागोला फोन केला. अनघा, तुला आठवतच असेल. "ऑक्टोबरमध्ये रजा काढ, प्लेऑफ्स आपण एकत्र बघायच्या." त्याच आठवड्यात, दुपारची मॅच चालू असताना, काका खुर्चीत बसल्या बसल्या गेले. आपण जिंकत होतो. काकूंना वाटलं, डोळा लागला. मी धावत गेले तेव्हा रेडिओ चालूच होता. कुणाला तो बंद करायचं सुचलं नाही. अँब्युलन्स दारात आली आणि रेडिओवरचा माणूस सांगत होता की हातातली मॅच कशी गेली.

त्या दिवसापासून टीम हरायला लागली. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. लॅबमध्ये काम करते. पण तुम्हीच सांगा, कशी हरत होती? आज पिचर ढेपाळला, उद्या सरळ हातात येणारा बॉल सुटला, परवा पावसाने थांबलेली मॅच पुन्हा सुरू झाली आणि तीही गेली. मनात पाल चुकचुकायची.

मग दहावा आला. तळ्याकाठच्या पार्कात आपण पिंड ठेवला. शेजारी पाटी, पक्ष्यांना खायला घालू नये. इथले कावळे आपल्याकडच्यांपेक्षा थोराड, त्यांना भात कळेल का, यावर मागे जोशीकाकांची चर्चा चालू होती. एक कावळा आला. पार्किंगच्या खांबावर बसला. बसूनच राहिला.

काकू म्हणाल्या, "मी एकटी राहीन, काळजी करू नका." कावळा हलला नाही. जावई म्हणाले, घराचं सगळं बघतो. नाही. मी म्हणाले, काका, गणपतीचं डेकोरेशन दरवर्षी होईल. तेव्हा तर त्याने मानच फिरवली. गुरुजींची एक वाजता ऑफिसात मीटिंग होती. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करू का? शास्त्रात आहे." आणि तेवढ्यात अनघा पुढे झाली. गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "बाबा, आय प्रॉमिस. आपली टीम प्लेऑफ्सला जाणार."

तो उतरला. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. उडत आला नाही, खांबावरून सरळ खाली आला, एक घास घेतला आणि तळ्यावरून गेला. पार्कात शाळेची मुलं खेळत होती, त्यांचा आवाज क्षणभर आला नाही, की मलाच ऐकू आला नाही, देव जाणे.

पण मंडळी, वचन देण्याजोगी गोष्ट होती का ती? तिच्या हातात होती का?

मग सीझनचा शेवटचा रविवार. ती एक मॅच जिंकली असती तरी चाललं असतं. आम्ही दुपारी काकूंकडे जमलो. रेडिओची वायर मी स्वतः काढून ठेवली होती, काकूंना त्रास नको म्हणून. टीव्हीचा आवाजही बंद. काकू सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. त्यांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, हे त्याच सांगतील. खेळ सुरू झाला, पिचरने पाय उचलला, आणि काकू म्हणाल्या, "च्च."

मग बॉल गेला, फटक्यासरशी लांब.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. थोड्या वेळाने पुन्हा, "च्च." मी स्वयंपाकघरात जाऊन आले. वायर टेबलावर तशीच होती. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "मी कुठे काय बोलले?" नऊपैकी पहिल्याच इनिंगमध्ये सगळं आटोपलं. पुढे खेळ चालला, पण उठून जायचं धाडस कुणाला झालं नाही.

मॅच गेली, प्लेऑफ्सही गेल्या, आणि अनघा रडली. "मी बाबांशी खोटं बोलले. आता ते अडकले का? वर्षाकाकू, इज ही स्टक?" मी मोठी शिकलेली, आणि नुसती तिचे डोळे पुसत बसले.

आणि त्या दिवसापासून फोनवर जे चाललंय, ते मला समजतं. पिंडाला खोटं सांगितलं. काहीतरी शांती करून घ्या. कुणीतरी तर तिला थेट शिकागोला फोन करून सांगितलं. कोण ते मी विचारत नाही, ते इथेच बसले आहेत. मला फार राग आला. अजून आहे. बाप गेलेल्या पोरीला असं सांगतात का हो?

त्या रविवारी सुमनकाकूंनी तिला काय सांगितलं, ते ऐका. काकू म्हणाल्या, "वेडे, तू लहानपणी टीव्हीसमोर बसायचीस हात जोडून. बाबांना रेडिओवर आधीच कळलेलं असायचं, हरलो म्हणून. तरी ते आतून यायचे, तुझ्याजवळ बसायचे, आणि तुझ्याबरोबर हात जोडायचे. मी म्हणायचे, कशाला सोंग करता? तर म्हणायचे, अजून तिला कळलं नाही ना, तेवढा वेळ तरी मी तिच्याबरोबर बसतो. त्या दिवशी पार्कात त्यांना माहीत नव्हतं असं वाटतं तुला? माहीत होतं. तू बोलावलंस, म्हणून ते आले."

एवढं म्हणून काकू चहा टाकायला उठल्या. त्यानंतर त्यांच्या तोंडून तो आवाज आम्ही ऐकलेला नाही. मी भिंतीपलीकडून कान देऊन असते. खरं सांगते, अजून भीती वाटते. आणि ऐकू आला नाही की वाईटही वाटतं.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू या. त्याआधी एक मागणं आहे. या शांततेत काकांना कुणीही काहीही कबूल करू नका. काकूंना सांभाळू, असं नको. पुढच्या वर्षी जिंकू, असं तर मुळीच नको. सांभाळायचं ते आपण त्यांना न सांगता सांभाळू. जिंकायचं ते टीम बघेल. एकदा आपण हाक मारली आणि तो माणूस आला. पुन्हा बोलावू नका. जाऊ द्या त्यांना.

अनघा, ये, इथे माझ्याजवळ उभी राहा. काही बोलायचं नाही.

मधुकाका, नमस्कार.